सहा फूट जाड भिंत आणि ती उभी करणारा जॉन रूट

शिकागोला गेलेली आपली मंडळी विलिस टॉवरवर चढतात, त्या काचेच्या बाल्कनीत फोटो काढतात, मिलेनियम पार्कातल्या चकचकीत 'बीन' शिल्पासमोर उभी राहतात आणि परत येतात. पण टॉवरपासून चालत दहाएक मिनिटांवर, जॅक्सन बुलेव्हार्ड आणि डिअरबॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, काळपट तपकिरी विटांची एक 16 मजली बिल्डिंग उभी आहे, नाव मोनॅडनॉक, तिच्यासमोर फार कोणी थांबत नाही. माझ्या मते शिकागोत एकच बिल्डिंग बघायला वेळ असेल तर हीच बघावी. 1891 साली पूर्ण झाली, आर्किटेक्ट जॉन वेलबर्न रूट. स्वतः रूट मात्र ती पूर्ण झालेली बघायला राहिला नाही, वयाच्या 41 व्या वर्षी गेला.

मी सिव्हिलला होतो तेव्हा फूटिंग, राफ्ट, बेअरिंग कपॅसिटी हे पायाचं सगळं सूत्रांत शिकलो, परीक्षेत लिहिलं, मार्क पण पडले. पण ही सूत्रं कुठल्या माणसाच्या कुठल्या अडचणीतून निघाली हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. नंतर रूटबद्दल वाचलं आणि एकदम सगळं जागच्या जागी बसलं. म्हणून हे सगळं जमेल तितक्या साध्या भाषेत लिहितोय, सिव्हिलचं काही माहीत नसलं तरी चालेल.

आधी एक फरक समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपली बिल्डिंग लोड बेअरिंग आहे, कोणी भिंत तोडू नका." लोड बेअरिंग म्हणजे भिंतीच सगळा भार घेतात. वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवर, ती तिच्या खालच्या भिंतीवर, असं करत करत सगळं वजन जमिनीत उतरतं. धान्याच्या गोदामात गोण्यांची थप्पी असते ना तसं, सगळ्यात खालची गोणी सगळ्यांचं ओझं घेते. दुसरी पद्धत फ्रेमची, आता आपण जिला सरसकट आरसीसी म्हणतो ती. लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. भार घेतात बांबू, कापड फक्त टांगलेलं असतं, कापड काढलं तरी मांडव उभाच राहतो. आज आपल्या फ्लॅटच्या भिंती म्हणजे ते कापड आणि कॉलम-बीम म्हणजे बांबू.

लोखंडी सांगाडा काही शिकागोनेच शोधला असं नाही. आपल्या मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची बिल्डिंग आहे, 1860 च्या दशकातली, तिचे ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडहून बोटीने आणून इथे जोडले होते. म्हणजे कल्पना होतीच. पण उघड्या लोखंडाला आगीची भीती. ऑक्टोबर 1871 मध्ये शिकागो पेटलं, जवळजवळ 300 माणसं गेली, लाखभर लोक बेघर झाले, हजारो इमारती खाक झाल्या, आणि ज्या लोखंडी इमारतींना लोक 'फायरप्रूफ' समजत होते त्याही कोसळल्या. लोखंड जळत नाही हे खरं, पण तापलं की मऊ पडतं आणि वाकतं, आणि वरचं सगळं घेऊन खाली येतं.

त्या जळलेल्या गावात काम मिळेल म्हणून जे तरुण आले त्यातलाच एक रूट. जन्म 1850 चा, जॉर्जिया राज्यातल्या लम्पकिन गावचा. वडील व्यापारी, घर अटलांटात. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजा अटलांटापर्यंत आल्या तेव्हा बापाने पोराला नाकेबंदी चुकवून जाणाऱ्या जहाजातून लिव्हरपूलला पाठवून दिलं, चौदा वर्षांचं पोर. तिथे शाळा झाली, संगीत शिकला, युद्ध संपल्यावर परत येऊन न्यूयॉर्कमध्ये 1869 ला सिव्हिल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. हे महत्त्वाचं आहे, कारण त्या काळातले नावाजलेले बरेच अमेरिकन आर्किटेक्ट पॅरिसला जाऊन चित्रकलेच्या अंगाने शिकून आलेले, आणि हा मात्र आधी इंजिनिअर. शिकागोत तो पीटर वाइट यांच्या ऑफिसात लागला, आणि हे वाइट म्हणजे लोखंडी खांबांना भाजलेल्या मातीच्या पोकळ टाइल्सचं कवच घालून आगीपासून वाचवायच्या तंत्रातले अगदी सुरुवातीचे माणूस. तिथेच डॅनिअल बर्नहॅम भेटला आणि 1873 मध्ये दोघांनी 'बर्नहॅम अँड रूट' काढली. त्याच वर्षी बँका बुडाल्या, मंदी आली, कामं नव्हती, रूट चर्चमध्ये ऑर्गन वाजवून वरचे चार पैसे मिळवायचा. पुढे दोघांची कामाची वाटणी पक्की झाली, बर्नहॅम गिऱ्हाईक सांभाळणार आणि रूट डिझाइन करणार.

आता चिखलाकडे येऊ. रूटचं सगळ्यात मोठं काम जमिनीखाली आहे असं माझं ठाम मत आहे आणि नेमकं तेच कोणाला दिसत नाही.

शिकागो तळ्याच्या काठावर वसलंय. वर थोडा घट्ट थर, खाली मऊ ओली चिकणमाती, आणि खरा खडक लागायला शंभर फुटांच्या आसपास खाली जावं लागतं. 1880 च्या दशकात तेवढं खाली जाणं परवडणारं नव्हतं. आणि वर तर जागेचे भाव चढत होते, लिफ्ट आली होती त्यामुळे लोक दहाव्या मजल्यावर ऑफिस घ्यायला तयार होते, म्हणजे मालकाला उंच बांधायचंय आणि खाली चिखल.

समुद्रावर ओल्या वाळूत लाकडी स्टूल ठेवून त्यावर बसा, पाय खाली रुततात. त्याच स्टुलाखाली एक रुंद फळी सरकवा, रुतत नाही, किंवा अगदी थोडं रुततं. वजन तेवढंच आहे, फक्त ते जास्त जागेवर पसरलं. पायाचं सगळं शास्त्र या फळीत आहे. हिशेब बघा, समजा एका खांबावर 200 टन भार आहे आणि जमीन एका चौरस फुटाला 2 टन सोसते, तर खांबाखाली 100 चौरस फुटांचा, म्हणजे 10 बाय 10 चा बूट, खांबाखालचा रुंद पाया, हवा. शिकागोत फ्रेडरिक बाउमन यांनी 1873 लाच हे लिहून ठेवलं होतं, की प्रत्येक खांबाला त्याच्या भाराच्या प्रमाणात वेगळा पाया द्या, म्हणजे सगळे खांब सारखेच खाली बसतील. मला यातला 'सारखेच' हा शब्द फार आवडतो. इमारत बसणार हे धरूनच चालायचं होतं, चिखलात ते टळणारच नव्हतं. पण सगळी एकदम चार इंच बसली तर काही बिघडत नाही. एक कोपरा चार आणि दुसरा एक इंच बसला तर भिंती तडकतात, दारं अडकतात.

पण हा 10 बाय 10 चा बूट बांधायचा कशाचा? तेव्हा दगडाचा बांधत. आणि दगडाची एक खोड आहे, दाबलेलं तो वाटेल तेवढं सोसतो पण वाकवलेलं अजिबात सोसत नाही. खडूची कांडी घ्या, उभी धरून दाबा, काही होत नाही, आडवी धरून दोन्ही टोकांना जरा वाकवा, टचकन तुटते. त्यामुळे दगडाचा प्रत्येक थर वरच्या थरापेक्षा थोडासाच बाहेर काढता येतो, मग आणखी एक थर, आणखी एक, असं करत खाली अख्खा पिरॅमिड तयार होतो. प्रत्येक खांबाखाली एक पिरॅमिड म्हणजे तळघर सगळं दगडांनीच भरलं, बॉयलर आणि मशिनरी ठेवायची कुठे?

1882 साली माँटॉक ब्लॉक नावाच्या दहा मजली इमारतीत रूटसमोर हाच प्रश्न आला. त्याने जे केलं ते आज इतकं साधं वाटतं की त्यात विशेष ते काय असं वाटावं. त्याने रेल्वेचे रूळ घेतले. एक थर रुळांचा उभा, त्यावर दुसरा आडवा, जाळीसारखा, आणि सगळं काँक्रीटमध्ये गाडून टाकलं. पोलाद वाकवलेलं सोसतं, त्यामुळे बूट बाहेर लांबपर्यंत नेता आला, आणि जाडी दीड-दोन फुटांतच आटपली. पिरॅमिड गेले, तळघर मोकळं झालं. चिखलावर तराफा ठेवावा तसा तो पाया, म्हणून लोक त्याला तरंगता पाया म्हणायला लागले. काँक्रीटमध्ये बंदिस्त असल्याने रूळ गंजत नाहीत, आणि रेल्वेच्या राजधानीत रूळ तर हवे तेवढे. नंतर रुळांच्या जागी आय आकाराचे बीम आले, पण तत्त्व तेच. आज आपल्याकडे फूटिंगच्या खड्ड्यात सळयांची जाळी बांधून काँक्रीट ओततात ती बघताना मला दर वेळी हे रूळ आठवतात. माँटॉक स्वतः मात्र 1902 मध्येच पाडली.

मग कामं धडाधड येत गेली. 1888 ची रुकरी अजून शाबूत आहे, लासाल स्ट्रीटवर, मोनॅडनॉकपासून चालत पाच मिनिटांवर. आगीनंतर त्या जागेवर तात्पुरती नगरपालिका भरायची आणि पाखरांचा सुळसुळाट असायचा त्यावरून हे नाव, रूक म्हणजे कावळ्याच्या जातीचा पक्षी. बाहेरून जाडजूड, किल्ल्यासारखी, आणि आत गेलं की काचेच्या छताखालचा मोठा चौक, उजेडाने भरलेला. वाड्यातल्या चौकाने जे काम केलं तेच हा चौक करतो, विजेचे दिवे बेताचेच असताना मधल्या ऑफिसांना उजेड आणि हवा. बर्नहॅम आणि रूट यांचं स्वतःचं ऑफिस इथेच वरच्या मजल्यावर होतं. पुढे 1905 च्या सुमारास फ्रँक लॉइड राइट या आर्किटेक्टने तो चौक पांढऱ्या संगमरवराने नव्याने सजवला, पण सांगाडा आणि उजेड रूटचा.

याच काळातली आणखी एक इमारत, तिचा आपल्याशी खरा धागा आहे. पंडिता रमाबाई 1886 ते 88 अमेरिकेत होत्या, आणि तिथल्या स्त्रियांच्या दारूबंदी संघटनेच्या फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांचा जवळचा संबंध आला, परत आल्यावर रमाबाईंनी 1889 मध्ये अमेरिकेवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच संघटनेसाठी रूटने शिकागोत 'वुमन्स टेंपल' नावाची उंच उतरत्या छपराची बिल्डिंग काढली, ती 1892 ला उभी राहिली. 1926 मध्ये पाडली.

आता मोनॅडनॉक. पैसा बॉस्टनच्या पीटर आणि शेफर्ड ब्रूक्स या भावांचा, त्यांची शिकागोतली कामं बघायचे ओवेन आल्डिस. माँटॉकही ब्रूक्स यांचीच होती. हे मालक हिशेबी. पीटर ब्रूक्स यांचं म्हणणं असं, की बाहेर काही पुढे आलेलं नको, खाचाखोचा नकोत, त्यात धूळ साचते आणि पाखरं घाण करतात. रूटला नक्षी आवडायची, रुकरीवर ती भरपूर आहे. असं सांगतात की रूट सुट्टीवर असताना बर्नहॅमने ऑफिसात अगदी सपाट, विटांचं डिझाइन काढायला लावलं, रूट आल्यावर आधी चिडला, आणि मग त्याला त्यात काहीतरी दिसलं. त्याला इजिप्तच्या जड, खाली रुंद होत जाणाऱ्या भिंती आठवल्या, आणि तो म्हणाला की आता एकही दागिना न घालता ही उभी करतो.

आणि केली तशीच. प्लॉट फक्त 68 फूट रुंद, लांबच लांब पट्टी. 16 मजले, उंची सुमारे 215 फूट, आणि बाहेरच्या भिंती विटांच्या, भार घेणाऱ्या. त्या काळचा ढोबळ नियम असा की वरच्या मजल्याला 12 इंच भिंत आणि खाली येताना दर मजल्याला 4 इंच वाढवायची. 16 मजल्यांचं गणित करा, 12 अधिक 15 गुणिले 4, म्हणजे 72 इंच, म्हणजे सहा फूट. मोनॅडनॉकची भिंत तळाशी सहा फूटच जाड आहे. दोन्ही बाजूंच्या मिळून बारा फूट, 68 पैकी बारा, म्हणजे तळमजल्यावर, सगळ्यात जास्त भाडं येतं तिथे, रुंदीचा सहावा हिस्सा नुसता भिंतीत गेला. अजून दहा मजले चढवा म्हटलं तर भिंत आणखी 40 इंचांनी वाढणार, आणि दुकानाला जागाच उरणार नाही. विटेने उंच जायची व्यवहारातली सीमा जवळजवळ इथेच.

आमच्या आजोळच्या जुन्या घराच्या खिडकीत आम्ही दोघं भावंडं समोरासमोर पाय पसरून बसायचो, एवढी भिंत जाड होती, उन्हाळ्यात तो कट्टा गार असायचा. मोनॅडनॉकच्या खालच्या दुकानांच्या खिडक्यांचे फोटो बघितले की मला तो कट्टा आठवतो. काच दिसते ती खूप आत, आणि बाजूला विटांचा खोल कठडा. रूटने ती जाडी लपवली नाही. तळाशी भिंत हलकी वळण घेत बाहेर येते, झाडाचं खोड जमिनीपाशी पसरतं तसं, आणि अगदी वर, छपरापाशी, पुन्हा बाहेर झुकते. मधल्या खिडक्या लाटांसारख्या पुढे येतात आणि आत जातात. इमारतीचे कोपरे खालून वर जाताना हळूहळू जास्त जास्त तासले गेलेत, त्यासाठी वेगवेगळ्या आकाराच्या विटा मुद्दाम साच्यात काढून घेतल्या. म्हणजे नक्षी एकही नाही, पण एवढी मोठी भिंत वितळवून ओतल्यासारखी सलग वाटते. दागिना नसलेली इमारत रुक्ष होते असं ज्याला वाटतं त्याने ही बघावी.

आत मात्र लोखंडी खांब आणि तुळया आहेत. शिवाय एवढी अरुंद आणि उंच इमारत, लांब बाजूवर वारा आला तर? काडेपेटी अरुंद बाजूवर उभी करून फुंकर मारा, कळेल. जुनी खाट हलायला लागते ती पाय मोडल्याने नव्हे, कोपऱ्याचे सांधे सैल झाल्याने. म्हणून रूटने आतल्या खांबांना आडव्या लोखंडी तुळया रिव्हेट मारून घट्ट जोडल्या, कोपरा फाकूच द्यायचा नाही. अमेरिकेत वाऱ्यासाठी असे सांधे बांधायचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. जिन्याला अॅल्युमिनियम वापरलं, तेही इमारतींमधल्या पहिल्याच वापरांपैकी.

आणि पाया तोच, तरंगता. 8 इंच बसेल असं धरून डिझाइन केलं होतं. पण एवढ्या विटांचं ओझं! ती बसत राहिली, बसत राहिली, 1940 च्या दशकापर्यंत 20 इंच खाली गेली. तडकून पडली नाही, कारण सगळी मिळून बसली. फुटपाथवरून आत जाताना एक पायरी खाली उतरावी लागते ती यामुळे.

1890 मध्ये शिकागोला कोलंबसच्या नावाने भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाचा मान मिळाला. बर्नहॅमकडे बांधकामाची सगळी जबाबदारी आणि रूट सल्लागार आर्किटेक्ट. तळ्याकाठच्या दलदलीत कालवे, मधे पाणी, भोवती इमारती, हा आराखडा बसवताना रूटचा हात त्यात होता. जानेवारी 1891 मध्ये पूर्वेकडचे नामांकित आर्किटेक्ट शिकागोला आले, रूटने त्यांना रविवारी संध्याकाळी घरी बोलावलं, आणि निरोप द्यायला कडाक्याच्या थंडीत कोट न घालता बाहेर गाडीपर्यंत गेला. न्यूमोनिया झाला. 15 जानेवारीला गेला, 41 वर्षं पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. त्याची मेहुणी, कवयित्री हॅरिएट मन्रो, तिने पुढे त्याचं चरित्र लिहिलं, त्यात ती सांगते की रूटच्या मनातलं प्रदर्शन रंगांनी भरलेलं होतं. प्रत्यक्षात 1893 ला उभी राहिली ती पांढरीशुभ्र 'व्हाइट सिटी'. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. रूट असता तर ते गाव कसं दिसलं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

लोक रूटला 'विटांवाला' म्हणून जुन्या जगात टाकतात ते मला पटत नाही. मोनॅडनॉक चालू असतानाच त्याच्या फर्मने 1890 मध्ये रँड मॅकनॅली बिल्डिंग संपूर्ण पोलादी सांगाड्यावर उभी केली होती, आणि त्याने काढलेलं 21 मजली मेसॉनिक टेंपल 1892 ला पूर्ण झालं. दोन्ही पद्धती त्याला सारख्याच येत होत्या. रिलायन्स बिल्डिंगची गोष्ट तर ऐकाच. स्टेट स्ट्रीटच्या त्या जागेवर जुनी चार मजली बिल्डिंग होती आणि वरच्या भाडेकरूंचे करार 1894 पर्यंतचे, ते काही हलेनात. मग वरचे मजले स्क्रू-जॅकवर तोलून धरले, खालचं तोडलं, नव्या उंच इमारतीचा पाया आणि तळमजला रूटच्या डिझाइनने घालून घेतला, आणि भाडेकरू वर नांदत राहिले. करार संपल्यावर वरचे मजले चढले, ते रूटच्या जागी आलेल्या चार्ल्स अॅटवुडचे, 1895 मध्ये, जवळजवळ सगळी काच. सहा फूट विटेपासून काचेपर्यंत फक्त चार वर्षं.

मोनॅडनॉकपुढे उभे राहिलात तर आधी जॅक्सनच्या कोपऱ्यावर थांबा आणि मग डिअरबॉर्न स्ट्रीटने दक्षिणेकडे चालत जा. अर्ध्या वाटेवर इमारत बदलते. दक्षिणेचा अर्धा भाग 1893 चा, होलाबर्ड आणि रोश यांनी केलेला, आणि तो पोलादी सांगाड्यावर आहे. त्याच विटा, तीच उंची, वर कंगोरे आणि कमानी, पण खिडक्यांची खोली बघा, भिंत एकदम पातळ झालेली दिसेल, कारण तिथे वीट फक्त कापडासारखी टांगलेली आहे. तिथून परत उत्तरेच्या टोकाला या, तळाच्या खिडकीच्या कठड्यावर हात ठेवा, कोपर आत जाईल, खांदा आत जाईल, तरी काच लागणार नाही. मग दारातून आत जा, आणि उतरताना पायाखालची ती एक पायरी जपून उतरा.